वडिलांवरचा दुसरा निबंध

शाळेत माझी ओळख निबंधामुळे होती. गणितात मी काठावर पास व्हायचे, खेळात तर मला कुणी आपल्या बाजूला घ्यायचंच नाही; पण मराठीच्या बाई वर्गात आल्या की आधी माझी वही मागायच्या आणि सगळ्यांना वाचून दाखवायच्या. सातपूरच्या आमच्या शाळेत एकेका वर्गात दाटीवाटीने मुलं बसलेली असायची. बहुतेकांचे वडील कंपनीत कामाला, घरी अभ्यास घेणारं कुणी नाही. बाईंनी त्यावर एक रीत बसवून दिली होती. सुरुवातीला कवितेच्या दोन ओळी, मग विषयाचं महत्त्व, मग एखादा प्रसंग, मग फायदे-तोटे आणि शेवटी एक सुविचार. विषय पावसाचा असो, वर्तमानपत्राचा असो की सैनिकाचा, ही रीत सगळ्यांना लागू पडायची.

मी त्यात तरबेज झाले. माझ्याजवळ तयार वाक्यांचा मोठा साठा होता. आई म्हणजे मायेचा सागर, वडील म्हणजे वटवृक्ष, आजी म्हणजे संस्कारांची खाण. 'निसर्ग हा मानवाचा खरा गुरू आहे' हे वाक्य तर मी सहलीच्या निबंधातही बसवलं होतं आणि विज्ञानाच्या निबंधातही. दहावीला आणि बारावीला मराठीत चांगले गुण पडले. कॉलनीच्या गणपतीत निबंध स्पर्धा असायची, त्यात मिळालेला स्टीलचा डबा आई साखरेला वापरायची आणि आल्यागेल्याला सांगायची की हा लेकीने लिहून मिळवलाय.

आज कुणी त्या रीतीला हसलं तर मला आवडत नाही. त्या बाईंमुळे माझ्या वर्गातली कितीतरी मुलं, ज्यांना एक ओळ सुचत नव्हती, ती पानभर लिहून पास झाली. त्यांनी आमच्या हातात काठी दिली, तिच्या आधाराने आम्ही चालायला लागलो. पुढे काठी सोडायची असते हे सांगायला त्या आमच्याबरोबर कॉलेजात येऊ शकत नव्हत्या, एवढंच.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी बी.ए.ला प्रवेश घेतला. सातपूरहून शहर बसने त्र्यंबक रोडने सीबीएस बस स्टँडपर्यंत यायचं आणि तिथून मैत्रिणींबरोबर चालत कॉलेज गाठायचं. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. विशेष विषय मराठी घ्यायचा हे मी आधीच ठरवून टाकलं होतं, कारण ते मला येतं अशी माझी खात्री होती.

मराठी शिकवायला एक मॅडम होत्या. निवृत्तीला काही वर्षं उरलेली, खळ केलेली सुती साडी, आवाज इतका हळू की शेवटच्या बाकावरची मुलंही गप्प बसून ऐकायची. लुनावरून यायच्या आणि हँडलला आमच्या ट्युटोरियलच्या कागदांची पिशवी लटकवलेली असायची. पहिल्याच ट्युटोरियलला त्यांनी फळ्यावर विषय लिहिला, 'माझे वडील'. वर्गात थोडी खसखस पिकली. मॅडम म्हणाल्या की हा विषय तुम्ही सगळ्यांनी शाळेत लिहिलेला आहे, म्हणूनच मुद्दाम देतेय.

तास संपायच्या बऱ्याच आधी माझा निबंध लिहून झाला. वटवृक्षाची सावली, घामाचे मोती, शिस्त आणि प्रेम यांचा संगम, सगळं जागच्या जागी. शेवटी पितृदेवतेला वंदन. अक्षर तर माझं छापल्यासारखं होतं.

पुढच्या आठवड्यात कागद परत मिळाले. माझ्या शेजारी एक मुलगी बसायची, पेठ तालुक्यातली, वसतिगृहात राहणारी. तिच्या घरी डोंगरात भात आणि नागलीची शेती होती आणि हंगाम संपला की तिचे वडील दिंडोरीकडे द्राक्षांच्या बागांवर कामाला यायचे. तिचा कागद आणि माझा कागद बाकावर शेजारी शेजारी पडले, आणि आम्ही दोघी बघतच राहिलो. पहिली ओळ तीच. दुसरीही तीच. बाजारात मिळणाऱ्या एकाच गाइडमधून आम्ही दोघींनी ते कधीतरी पाठ केलं होतं. माझे वडील पत्रा ठोकणाऱ्या मशीनवर, तिचे वडील बागेत छाटणीला, आणि कागदावर दोघेही शब्दनशब्द सारखे.

ती हसायला लागली. "आपण बहिणी निघालो की गं," म्हणाली. मला मात्र हसू आलं नाही. माझ्या कागदावर गुण नव्हते. खाली पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'अक्षर सुरेख. पण हे कोणाचे वडील?'

तो दिवस मला जड गेला. निबंधात मला कधी कुणी काही विचारलं नव्हतं. संध्याकाळी बसमध्ये मी मनातल्या मनात मॅडमशी भांडत होते की वडील म्हणजे वडील, त्यात कोणाचे काय विचारायचं. दुसऱ्या दिवशी धीर करून मी स्टाफरूममध्ये गेले. मला वाटलं होतं, त्या व्याकरणाच्या किंवा शैलीच्या चुका दाखवतील. त्यांनी समोरच्या खुर्चीवर बसायला सांगितलं आणि निबंध बाजूलाच ठेवला. वडील काय करतात, पाळी कुठली असते, घरी आल्यावर आधी काय करतात, जेवताना कुठे बसतात असं काहीबाही विचारत राहिल्या. मी एका-एका वाक्यात उत्तरं देत होते. बोलता बोलता मी म्हणाले की नानांशी फार गप्पा होत नाहीत, कारण त्यांच्याशी मोठ्याने बोलावं लागतं. आम्ही वडिलांना नाना म्हणायचो.

"मोठ्याने का?" मॅडमनी विचारलं.

"पत्र्याच्या प्रेसवर असतात ना. दिवसभर तो आवाज. ऐकू कमी येतं त्यांना."

"मग हे निबंधात कुठे आहे?"

"हे निबंधात कसं लिहायचं, मॅडम? निबंधात चांगलं लिहायचं असतं."

 मॅडम रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. म्हणाल्या, "हे चांगलं नाही असं तुला कोणी सांगितलं?" मग कागद परत देत म्हणाल्या की पुन्हा लिहून बघ, घाई नाही, गुणांसाठी नाही. आणि निघताना एक युक्ती सांगितली: लिहून झाल्यावर पहिला आणि शेवटचा परिच्छेद झाकून बघायचा आणि मध्ये काय उरतं ते वाचायचं.

घरी येऊन मी पहिला निबंध तसा झाकून पाहिला. मध्ये जे उरलं त्यात नाना कुठेच नव्हते.

नवीन लिहायला बसले की हात आपोआप जुन्या वाटेला जायचा. 'वडील म्हणजे' असं लिहिलं की पुढे वटवृक्षच यायचा. कागद फाडले, पुन्हा घेतले. शेवटी लिहिणं सोडलं आणि नुसतं नानांकडे बघायला लागले. इतकी वर्षं एका घरात राहून मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

नाना पहिल्या पाळीहून दुपारी उशिरा घरी यायचे. मोरीत बसून धुण्याच्या पावडरीने हात घासायचे, तरी नखांच्या कडांना काळं उरायचंच. मग चहा. जेवायला ते नेहमी भिंतीकडे डावी बाजू करून बसायचे, कारण उजव्या कानाने जरा बरं ऐकू यायचं. पाण्याची मोटर चालू आहे की नाही ते तिच्यावर तळहात ठेवून बघायचे. कुकरच्या शिट्टीऐवजी वाफ मोजायचे. आई त्यांच्याशी बोलायच्या आधी त्यांच्या कोपराला बोट लावायची, ते वळून बघायचे आणि मगच ती बोलायची. हे सगळं माझ्यासमोर रोज घडत होतं, पण त्याला नाव देण्याची वेळ कधी आली नव्हती.

एका रविवारी टीव्हीवर विनोदी कार्यक्रम चालू होता. आम्ही सगळे हसत होतो, नानाही हसत होते. मला अचानक दिसलं की ते टीव्हीकडे बघतच नव्हते. ते आईच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती हसली की क्षणभराने ते हसायचे.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी एका बैठकीत लिहून काढलं. पहिलं वाक्य असं आलं: 'आमच्या घरात कोणी कोणाला दुसऱ्या खोलीतून हाक मारत नाही, उठून जवळ जातो आणि हात लावतो.' ते लिहिल्यावर पुढचं मला शोधावं लागलं नाही. सुविचार नव्हता, वंदन नव्हतं. टीव्हीच्या प्रसंगापाशी येऊन लिहिणं थांबलं, आणि पुढे काही जोडावंसं वाटलं नाही.

मॅडमनी तो कागद माझ्यासमोरच वाचला. वाचून झाल्यावर चष्मा काढून पदराने पुसला. मी वाट बघत होते की आता काहीतरी बोलतील. त्या म्हणाल्या, "आता मी तुझ्या वडिलांना ओळखते." एवढंच. त्यानंतर आयुष्यात मला थोडीफार बक्षिसं मिळाली, पण त्या वाक्याइतकं समाधान कशानेच झालं नाही.

मग त्यांनी विचारलं की हे कॉलेजच्या वार्षिक अंकात द्यायचं का. मी हो म्हणणार तेवढ्यात त्यांनीच हात वर करून थांबवलं. आधी घरी विचार, म्हणाल्या. हे तुझं लिहिणं आहे, पण ह्यात जगणं त्यांचं आहे. ते नाही म्हणाले तर विषय संपला.

घरी मी आधी आईला सांगितलं. तिने हात पुसत पुसत विचारलं की काय लिहिलंस. मी वाचून दाखवलं. टीव्हीच्या प्रसंगापाशी ती उठून ओट्याकडे गेली आणि उगाच भांडी सारखी करत राहिली. मग म्हणाली की त्यांनाच दे वाचायला.

नानांना वाचून दाखवणं शक्य नव्हतं. त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ते वाचलं असतं तर साऱ्या गल्लीने ऐकलं असतं. मी कागद त्यांच्या हातात दिला. दाराजवळच्या उजेडात बसून त्यांनी तो सावकाश वाचला, ओठ हलवत. वाचून झाल्यावर घडी घातली, पुन्हा उघडला, खालचा भाग परत वाचला.

"तुला दिसतं होय हे," ते म्हणाले. "मला वाटायचं, कुणाला कळत नाय."

 नाना दिंडोरी तालुक्यातल्या एका गावातून तरुणपणी सातपूरला आलेले; बोलणं गावाकडचं, तेही मोजकं. पण त्या संध्याकाळी ते बोलले. म्हणाले की कंपनीत दर वर्षी डॉक्टरची तपासणी असते. डॉक्टर नेहमीचेच प्रश्न विचारतात, आपण डॉक्टरांच्या ओठांकडे बघून उत्तरं देतो आणि आजवर निभावून गेलंय. हे छापलं आणि कुणी तिथे नेऊन दाखवलं तर मशीनवरून काढून कुठेतरी बसवतील. आणि एकदा बसवलेल्या माणसाला पुढे घरीच बसवतात.

"छापू नको," ते म्हणाले. "पण फाडू पण नको. लय खरं लिहिलंय."

मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं असेल. पण त्याहून मोठं काहीतरी वाटत होतं. माझ्या लिहिण्यामुळे नाना आपल्या कानांविषयी पहिल्यांदाच आमच्याशी बोलले होते. वटवृक्षाच्या निबंधावर त्यांनी 'छान' म्हणून कागद परत दिला असता आणि आम्ही दोघं आपापल्या कामाला लागलो असतो.

बोलणं तिथे संपलंही नाही. आई इतका वेळ ऐकत होती. ती नानांसमोर येऊन बसली आणि म्हणाली, "छापू नका. पण कान तर दाखवा." हा विषय तिने आधीही कधी कधी काढला होता आणि नानांनी दर वेळी उडवून लावला होता. या वेळी त्यांनी कागदाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि बरं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगताना मला संकोच वाटत होता. त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. बरं झालं विचारलंस, म्हणाल्या, आणि लगेच वडिलांच्या कानांचं काय करताय ते विचारलं. त्यांच्या ओळखीचे एक कानाचे डॉक्टर होते, स्वतःच्या दवाखान्याखेरीज सरकारी दवाखान्यातही बसायचे. मॅडमनी त्यांना फोन करून ठेवला. नाना सुट्टीच्या दिवशी आईला बरोबर घेऊन गेले. डॉक्टरांनी सांगितलं की गेलेलं ऐकू येणं परत यायचं नाही, पण उरलेलं टिकवता येईल. कामावर कानात घालायला बोळे दिले आणि घरी वापरायला एक कानाचं मशीन घ्यायला सांगितलं.

मशीन आलं त्या दिवशी आम्ही सगळे नानांभोवती जमलो होतो. आता त्यांचा चेहरा कसा उजळेल ते मला बघायचं होतं. आई समोर बसून नेहमीच्या आवाजात म्हणाली, येतंय का ऐकू. नानांनी दचकून कानावर हात ठेवला.

"तुम्ही सगळे एवढं ओरडून का बोलता?" ते म्हणाले.

आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि हसत सुटलो. आम्हाला हळू बोलताच येत नव्हतं. पुढचे कित्येक दिवस आमच्या घरात हळू बोलण्याचा सराव चालला होता. धाकटा भाऊ तर कुजबुजायलाच लागला, तेव्हा नाना म्हणाले की आता परत ऐकू येत नाय. त्यांना मशीनची कटकटही व्हायची. बसचा हॉर्न, भांड्यांचा खणखणाट, सगळं अंगावर येतं म्हणायचे. पण जेवायला बसले की ते आठवणीने मशीन लावायचे.

वार्षिक अंकात माझं काहीतरी असावं असं मॅडमना वाटत होतं. त्यांनी दुसरं लिहायला सांगितलं आणि मी पाळी सुटतानाचा सातपूरचा रस्ता लिहिला: कंपन्यांच्या फाटकांतून एकदम बाहेर पडणाऱ्या स्कूटर आणि सायकली, भज्यांच्या गाडीभोवतीची गर्दी, रिकामे डबे, पत्र्याच्या शेडमधल्या छोट्या वर्कशॉपमध्ये चालूच असलेलं वेल्डिंग. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीनेही लिहिलं. तिचे वडील बागेवरून परत घरी येतात तेव्हा त्यांच्या कपड्यांना औषध फवारणीचा वास असतो आणि तिची आई ते कपडे वेगळे धुते, असं तिने लिहिलं होतं. ते वाचून मला वाटलं की मी तिच्या शेजारी वर्षभर बसूनही तिला आत्ताच भेटले. आमची दोघींची पानं अंकात लागोपाठ आली. दोन वेगळ्या मुलींचे, दोन वेगळ्या घरांचे कागद. नानांनी तो अंक कंपनीच्या कॅन्टीनमध्ये नेला आणि परत आणला तेव्हा त्याच्या पानापानाला तेलाची बोटं होती.

बी.ए., एम.ए. झाल्यावर मी दिंडोरीजवळच्या एका शाळेत मराठी शिकवायला लागले. माझ्या वर्गातही मुलं दाटीवाटीने बसतात, आणि मीही त्यांना आधी रीतच शिकवते, कारण परीक्षा असते आणि प्रत्येकाला पास व्हायचं असतं. पण वर्षातून काही वेळा मी गुणांशिवायचा निबंध घेते आणि खाली पेन्सिलीने एखादा प्रश्न लिहिते. काही मुलं उत्तर देतात. काहींना राग येतो. ते मला कळतं आणि मी वाट बघते.

दोन हजार सालानंतर नानांच्या कंपनीने तो प्रेसचा विभागच बंद केला आणि नानांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. एक दिवस मेथी निवडता निवडता ते म्हणाले, "तो तुझा कागद अजून हाय का?"

मी म्हणाले, आहे.

"आता छाप. आता मला कुठं तपासणीला जायचंय."

मी तो एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीकडे पाठवला. शब्द बदलले नाहीत. फक्त शेवटी कानाच्या मशीनची हकिगत जोडली. छापून आला त्या दिवशी मी मॅडमना फोन केला. त्या तेव्हा मुलाकडे परगावी राहायच्या. त्यांच्याकडे तो पेपर येत नव्हता, म्हणून मी फोनवरच सगळा वाचून दाखवला. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी नानांची तब्येत विचारली आणि त्यांना माझा नमस्कार सांग म्हणाल्या. मला त्यांचे आभार मानायचे होते. मी दोन-तीनदा सुरुवात केली, पण जी वाक्यं तोंडात येत होती ती सगळी शाळेतल्या साठ्यातली होती. मग मी फक्त एवढंच सांगितलं की तुमच्यामुळे नाना आणि मी बोलायला लागलो.  मग त्या म्हणाल्या, "बरं वाटलं गं."

त्यानंतरच्या आठवड्यात नानांच्या खात्यातले एक जुने सहकारी घरी आले, हातात पुरवणीचं ते पान घेऊन. त्यांनाही तसंच व्हायचं, पण त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. डॉक्टरांचा पत्ता हवा होता. मग आणखी एक आले. पुढच्या रविवारी ते दोघं मिळून तिसऱ्याला घेऊन आले. चौघं दारापुढच्या ओट्यावर बसले आणि आपापल्या कानांच्या गोष्टी सांगायला लागले. कोण तपासणीतून कसा निसटला, कोणाच्या सुनेला सासरे मुद्दाम दुर्लक्ष करतात असं वाटतं. मशीन एकट्या नानांच्या कानात होतं, त्यामुळे बाकीच्या तिघांना ऐकू जावं म्हणून सगळेच ओरडून बोलत होते, आणि नाना एका हाताने कान झाकून हसत होते. समोरच्या घरातली नवी सून घाबरून दारात आली. तिला वाटलं, म्हाताऱ्यांची जुंपली. आईने तिला हातानेच खूण केली की भांडण नाही, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.